ताकातली गोळी

तिथं ओळख करून द्यायची पद्धत ठरलेली आहे. खुर्च्या गोल मांडलेल्या असतात. ज्याची पाळी येईल त्यानं आपलं नाव सांगायचं आणि आपण कुणाचे शुभंकर आहोत तेही सांगायचं. ‘मी माझ्या मुलाची शुभंकर.’ ‘मी बहिणीचा.’ ‘मी मिसेसचा. चोवीस वर्षं झाली आता.’ पहिल्या शनिवारी माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, ‘मी विद्यार्थिनी आहे. एम.ए.चं दुसरं वर्ष, क्लिनिकल सायकॉलॉजी. शिकायला आलेय.’ सगळ्यांनी हसून माना डोलावल्या, शेजारच्या काकूंनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला आणि मी वही उघडली.

मी खोटं बोलले नव्हते. पण त्या संध्याकाळी बसमध्ये खिडकीशी बसून वहीतल्या नोंदी वाचताना पोटात सारखा खड्डा पडत होता. कारण मला एक मामा आहे, आणि तो गेली सव्वीस वर्षं स्किझोफ्रेनियानं आजारी आहे.

‘शुभंकर’ हा शब्द पुण्या-ठाण्याच्या स्वमदत गटांमध्ये आता चांगला रुळलाय. मानसिक आजार असलेल्या माणसाला तिथं पेशंट म्हणत नाहीत, ‘शुभार्थी’ म्हणतात, आणि त्याची काळजी वाहणारा तो शुभंकर. पहिल्यांदा ऐकले तेव्हा हे शब्द मला जरा जास्तच गोड वाटले होते. पुढे मत बदललं. आमच्या गावाकडं मामासाठी जे शब्द वापरले जायचे, ‘डोक्यावर परिणाम झालाय’, ‘बाहेरचं झालंय’, आणि रस्त्यावरची पोरं जे ओरडायची ते तर मी इथं लिहिणारही नाही, त्या शब्दांशेजारी हे दोन शब्द ठेवून बघितले की त्यांची किंमत कळते. आमच्या घरात आजाराला नाव नव्हतं, म्हणून मामालाच नावं ठेवली जायची.

मामा आयटीआयमधून टर्नर झाला आणि साताऱ्याच्या एमआयडीसीत लागला. बावीस वर्षांचा होता. १९९९ साल. लेथ चालू असला की त्याला माणसं बोलताना ऐकू यायची, आणि काही दिवसांनी लेथ बंद केला तरी ती बोलायची थांबेनात. मालकानं आपल्या जेवणात काहीतरी घातलंय असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं डबा खाणं सोडलं, मग कामावर जाणं सोडलं, आणि एका रात्री चालत कराडची वाट धरली. घरच्यांनी देवऋषी केला, लिंबं उतरवली, कोंबडं दिलं. दोन वर्षं त्यात गेली. मग आज्जीच्या एका चुलतभावानं कराडातल्या मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं आणि गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी आवाज पुष्कळ कमी झाले. पण तोवर मामा माडीवर राहायला गेला होता तो कायमचा.

घरात लग्नकार्य निघालं की मामा वरच असायचा आणि त्याचं ताट वर जायचं. ते ताट न्यायचं काम माझ्याकडं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. ताट ठेवलं की तो विचारायचा, ‘खाली कोण कोण आलंय?’ मी एकेक नाव सांगायची. तो प्रत्येक नावाला ‘हां’ म्हणायचा. सगळी नावं संपेपर्यंत तो घास घेत नसे.

हा आजार म्हणजे दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व, एका माणसात दोन माणसं, असं सिनेमांमुळे अनेकांना वाटतं. ते चूक आहे. १९०८ साली ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञानं ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द वापरला तेव्हा त्याला विचार, भावना आणि वागणं यांची एकमेकांशी असलेली सांधेजोड सुटते, असं म्हणायचं होतं. न बोललेलं ऐकू येणं हा भास. कुणीतरी मागावर आहे, हा कितीही समजावलं तरी न हलणारा भ्रम. ही दोन लक्षणं लोकांच्या डोळ्यांवर येतात. घरच्यांना खरं छळतं ते तिसरं: अंघोळ नको, बोलणं नको, उठणं नको, चेहऱ्यावर काही उमटणं नाही. आमच्याकडं त्याला ‘आळशी झालाय’ म्हणायचे. तो आळस नसून आजाराचाच भाग आहे, हे मला एम.ए.च्या पुस्तकात पहिल्यांदा कळलं. त्या दिवशी मी लायब्ररीतून लवकर उठून आले. आज्जी जाऊन तेव्हा एक वर्ष झालं होतं. तिला हे सांगायला हवं होतं.

आमच्या अभ्यासक्रमात वैयक्तिक विकासाची सत्रं असतात. दुसऱ्याच्या मनाला हात घालण्याआधी स्वतःचं मन ओळखा, हा त्यामागचा विचार. पहिल्या वर्षी एका सत्रात आम्हाला जीवनरेषा काढायला सांगितली. कागदावर आडवी रेघ ओढायची, आयुष्यात जे जे घडलं ते वर-खाली मांडायचं. मी दहावीचे मार्क मांडले, बाबांची बदली मांडली, बारावीत जिवलग मैत्रिणीशी तुटलेलं बोलणं मांडलं. वर्गात उभं राहून रडत रडत सांगितलंसुद्धा. मॅडमनी कौतुक केलं. माडीवरचा मामा त्या रेघेवर कुठंच नव्हता. मी तो लपवला असंही म्हणता येत नाही. तो मला आठवलाच नाही, इतकी त्याला वगळायची सवय आम्हा सगळ्यांच्या अंगी मुरलेली होती.

त्याच वर्षी मी कार्ल रॉजर्स वाचत होते. या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५७ साली एक निबंध लिहिला. समुपदेशनातून माणूस बदलायचा असेल तर काय काय लागतं, याची मांडणी त्यात आहे. समोरच्याचा विनाअट स्वीकार आणि समानुभूती या दोन गोष्टी आमच्या वर्गात सगळ्यांना पाठ असतात. तिसरी अट मात्र अवघड आहे: समुपदेशकानं आतबाहेर एक असायला हवं. मनात एक आणि चेहऱ्यावर दुसरं असेल तर पहिल्या दोन गोष्टी पोचत नाहीत. मी या तिसऱ्या अटीवर पाच पानांचं उत्तर लिहिलं होतं. चांगले मार्क पडले.

गटात माझं काम नोंदी घेण्याचं आणि खुर्च्या मांडण्याचं. दर महिन्याचा दुसरा शनिवार, दुपारी चार. पंधरा-वीस माणसं येतात. निवृत्त बँक कर्मचारी, रिक्षावाले एक काका, शाळेतल्या शिक्षिका, सासूची काळजी घेणारी माझ्याच वयाची एक सून. सल्ला विचारल्याशिवाय द्यायचा नाही आणि इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, हे दोन नियम. (म्हणून इथं मी कुणाची ओळख पटेल असं काही लिहिलेलं नाही. जे लिहिलंय ते गटाला वाचून दाखवून, त्यांच्या परवानगीनं.) बोलणं बहुतेक व्यवहाराचं असतं. क्लोझापिनची गोळी सुरू केली की पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं, कारण पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असतो. मग मुलगा सुईला घाबरत असेल तर काय करायचं? लग्नाची पत्रिका आली तर त्याला न्यायचं की नाही? आपण गेल्यावर याचं कोण करणार? हा शेवटचा प्रश्न दर वेळी निघतो, आणि तो निघाला की खोलीतला पंखा ऐकू येतो.

ऑगस्टमधल्या शनिवारी एक काकू बोलायला लागल्या. त्या तीन महिने येत होत्या, पण नाव सांगून गप्प बसायच्या. त्या दिवशी त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती. म्हणाल्या, ‘मी मुलाला तीन वर्षं आमटीतून गोळी देतेय. कुटून. त्याला माहीत नाही. परवा त्यानं वाटीच्या तळाला पांढरं पाहिलं आणि मला विचारलं, आई, हे काय आहे? मी म्हटलं, मीठ.’ आणि मग त्या थांबल्या.

ही गोष्ट आपल्याकडे सर्रास होते. ज्याला आपण आजारी आहोत हेच पटत नाही तो गोळी घेत नाही. गोळी थांबली की आजार उलटतो, आणि घरच्यांच्या हातात उरतं ते स्वयंपाकघर. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं उपचारांबाबत स्वतः ठरवण्याचा आजारी माणसाचा हक्क मान्य केलाय. आपल्याला पुढे कसे उपचार हवेत आणि कसे नकोत, हे माणसाला आधीच लिहून ठेवता येतं. कायदा योग्यच आहे, माझ्या मनात त्याबद्दल शंका नाही. पण रात्री दोन वाजता मुलगा दार उघडून रस्त्यावर धावत सुटतो तेव्हा त्या आईजवळ कोण असतं? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजात देशात लाख लोकांमागे पाऊण मनोविकारतज्ज्ञ निघाला. पाऊण माणूस. गावाकडं तर तोही नाही.

काकूंचं बोलणं संपल्यावर कुणी ‘अहो, असं कसं केलंत’ म्हणालं नाही. ‘चालतं हो, सगळेच करतात’ असंही कुणी म्हणालं नाही. मग रिक्षावाले काका बोलले. त्यांनीही दोन वर्षं दिली होती, चहातून. एक दिवस त्यांनी मुलाला समोर बसवून सांगून टाकलं. पोरगा आठ दिवस घरचं जेवला नाही. केळी आणि बंद पुड्यातली बिस्किटं, एवढंच. काका रोज त्याच्यासमोर बसून त्याच्या ताटातला पहिला घास स्वतः खायचे. नवव्या दिवशी पोरानं ताट ओढून घेतलं. ‘आता घेतो म्हणता गोळी?’ कुणीतरी विचारलं. ‘कधी घेतो, कधी न्हाई,’ काका म्हणाले, ‘पण आता मला सांगतो तरी.’

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, ‘माझी आज्जी मामाला ताकातून द्यायची.’

इतकंच वाक्य. पेन माझ्या हातातच होतं. मी ते उच्चारलंय हे मला इतरांच्या नजरांवरून कळलं. काकू माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांचे खांदे खाली आले, ते मला अजून दिसतात. शिक्षिकाबाईंनी विचारलं, ‘मोठा मामा की धाकटा?’ अगदी साधा, घरगुती प्रश्न. चोवीस वर्षांत मला मामाबद्दल कुणी इतकं साधं काही विचारलं नव्हतं. ‘मोठा,’ मी म्हणाले.

आयर्विन यालोम या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं १९७० साली गटोपचारावर एक ग्रंथ लिहिला. तो आम्हाला अजून अभ्यासाला आहे. गटात माणूस कशामुळं बरा होतो, याचे अकरा घटक त्यानं सांगितलेत. त्यांतला एक असा, की हे फक्त माझ्याच वाट्याला आलेलं नाही, हे कळणं. परीक्षेत हा घटक दोन ओळींत लिहून होतो. त्या दुपारी तो मला शिक्षिकाबाईंच्या एका प्रश्नातून समजला, आणि काकूंच्या खांद्यांतून.

सोमवारी मी घाबरतच मार्गदर्शक मॅडमकडे गेले. शिकाऊ माणसानं स्वतःचं मध्ये आणायचं नसतं, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून बजावलेलं असतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं: ‘ते वाक्य तू काकूंसाठी बोललीस की स्वतःसाठी?’ मी म्हणाले, दोघींसाठी. ‘मग आता पुढच्या शनिवारी कोण म्हणून बसणार आहेस, ते ठरव. दोन्ही चालेल. न ठरवता बसलीस तर मात्र त्यांचं ऐकताना तुला तुझ्या आज्जीचंच ऐकू येईल.’ मला त्यांचं हे म्हणणं फार मोलाचं वाटतं. बोलून मोकळं झालं की काम झालं, असा एक समज हल्ली सगळीकडे पसरलाय. मोकळं झाल्यानंतर स्वतःला नीट पारखून घ्यावं लागतं, आणि तिथंही कुणीतरी सोबत लागतं.

पुस्तकांत मग मी उलट दिशेनं शिरले. १९५०च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञाला एक विचित्र गोष्ट आढळली होती. इस्पितळातून सुटून आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्या रुग्णांचा आजार जास्त उलटत होता. भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेले जास्त टिकत होते. पुढच्या संशोधनात कारण दिसलं. जिथं सतत टोचून बोलणं आहे, राग आहे, किंवा जीव इतका गुंतलाय की माणसाला श्वास घ्यायला जागा नाही, तिथं आजार परततो. १९७६च्या अभ्यासात तर अशा घरात आठवड्याला ३५ तासांहून जास्त सहवास झाला की धोका आणखी वाढतो, असं निघालं. हे वाचून मला आज्जीवर राग आला आणि लगेच त्या रागाची लाज वाटली. यात घरच्यांना आरोपी करायचं नाही, हे त्या संशोधकांनी वारंवार सांगितलंय. एकटं पडलेलं, थकलेलं, काही न समजणारं घर टोचून बोलतं. त्या घराला आजार समजावून सांगितला, चार माणसांत बसवलं, की आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं, हेही त्यांनीच पुढे दाखवलं.

आपल्याकडे हे एका माणसानं कुठल्याही तक्त्याशिवाय ओळखलं होतं. अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५०च्या दशकात डॉ. विद्यासागर प्रमुख होते. त्यांनी इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना त्यांच्यासोबत राहू दिलं. रोज त्यांना गोळा करून बोलायचे, आजार समजावायचे. घरची माणसं तिथून जाताना आपला माणूस घेऊन जायची आणि गावात पाच जणांना सांगायची. मी ते वाचताना डोळ्यांसमोर कराडची एसटी आली आणि तिच्यात शेजारी शेजारी बसलेले आज्जी आणि मामा.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही आणि ती मी वर्गातही बोलले. जागतिक आरोग्य संघटनेनं १९६०च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत या आजाराचा अभ्यास सुरू केला. आपलं आग्रा त्यात होतं. काही वर्षांनी पाहिलं तर आग्र्याचे आणि नायजेरियातल्या इबादानचे रुग्ण पाश्चात्त्य शहरांतल्या रुग्णांपेक्षा बऱ्या स्थितीत निघाले. त्यावर पुढे बरीच वादावादी झाली, पण आपल्याकडची व्याख्यानं अजून या निष्कर्षावर थांबतात आणि श्रेय एकत्र कुटुंबाला देऊन टाकतात. माझा मामा बावीस माणसांच्या घरात राहत होता. खालून हसण्याचा आवाज यायचा आणि तो माझ्याकडून नावं ऐकून जेवायचा. गोतावळा आहे म्हणून माणूस सोबतीत आहे असं धरून चालता येत नाही. गटातल्या पंधरा परक्या माणसांमध्ये मला जे मिळालं, ते आमच्या भरल्या घरात आज्जीला कधी मिळालं नाही. तिच्या त्या ताकाबद्दल ती कुणाशी बोलली असेल?

पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन १९९७ साली सुरू झाली. सुरू करणारे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. २००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट आला, त्यात अतुल कुलकर्णींनी हाच आजार झालेला शेष उभा केला. म्हणजे मामाच्या पहिल्या पाच वर्षांतच तीन-चार तासांच्या अंतरावर हे सगळं चालू होतं. आमच्या घरापर्यंत त्यातलं काही पोचलं नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं.

आईला मी फोनवर सांगितलं की गटात मामाबद्दल बोलले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘अगं, तुझं लग्न ठरायचंय अजून.’ मी तिला आकडे सांगितले. हा आजार साधारण शंभरात एकाला होतो. आयर्विंग गॉट्समन या संशोधकानं मांडलेल्या तक्त्यात भाचे-पुतण्यांसाठी तो धोका शंभरात चारच्या आसपास आहे. म्हणजे शंभरातल्या शहाण्णवांना काही होत नाही. आई म्हणाली, ‘लोक आकडे बघतात का?’ तिचं खरं होतं. मी म्हटलं, ‘जे आकडे बघणार नाहीत त्यांच्या घरात मला कशाला देतेस?’ त्यावर ती हसली, आणि मग रडली. पंधरा मिनिटांनी तिनंच परत फोन केला. मामा आयटीआयला असताना तिला सायकलवरून कॉलेजला सोडायचा, हे तिनं मला पहिल्यांदा सांगितलं.

दिवाळीत मी आजोळी गेले. आज्जीनंतर ताकाचं काम धाकट्या मामीकडं आलं होतं. मामीशी बोलले, डॉक्टरांना भेटून आलो. ते म्हणाले, सांगून बघा, पण घाई करू नका आणि काही बदललं की लगेच कळवा. भाऊबिजेच्या दुपारी मामी आणि मी माडीवर गेलो. मामीला बोलवेना, म्हणून मी बोलले. मामा खिडकीकडं बघत होता. ‘ठावं हुतं,’ तो म्हणाला. ‘ताक कडू लागायचं. आई दारात हुबी ऱ्हायची, पिऊन होईस्तोवर.’ थोड्या वेळानं म्हणाला, ‘तिला बरं वाटायचं.’

मग मी त्याला गटाबद्दल सांगितलं. ‘तिथं कोण कोण असतंय?’ त्यानं विचारलं. नावं मला सांगता येत नव्हती, म्हणून मी माणसं सांगितली. एक रिक्षावाले काका, एक शाळेतल्या बाई, एक सून. तो प्रत्येकाला ‘हां’ म्हणत गेला.

गोळी आता तो स्वतः घेतो, रात्री बातम्या संपल्यावर. मामीनं कालनिर्णय माडीवर लावलंय. गोळी घेतली की त्या तारखेवर पेन्सिलनं बरोबरची खूण करायची, असं ठरलं. जानेवारीत गेले तेव्हा पान बघितलं. डिसेंबरच्या तीन चौकोनांत खूण नव्हती. मी काही विचारलं नाही, नुसतं बघत होते. मामा मागं येऊन उभा राहिला. म्हणाला, ‘त्या दिशी इसरलो. खोटी खूण कशाला करू?’